विमानाच्या सांगाड्याचा हिशेब : विष्णु माधव घाटगे

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजरस्ता घाट चढून नाशिकच्या शिवेवर येतो, तेथे त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांपासून थोड्याच अंतरावर अंबड हे गाव आहे. जालना जिल्ह्यातले तालुक्याचे अंबड ते हे नव्हे. ज्या जमिनीसंबंधी पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात जमाबंदीचे आणि सातबाऱ्याचे तेवढे कागद फिरत, त्या जमिनीवर औद्योगिक विकास महामंडळाने वसाहत आखली, लगत सिडकोची घरे उभी राहिली, १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली, आणि बघता बघता अंबड म्हणजे लेथ, मिलिंग, पत्र्याचे काम आणि वेल्डिंग असे समीकरण लोकांच्या मनात रुजले. कारागिरीची परंपरा या परिसराला नवी नाही. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर गरजांची तरतूद केली, असा दाखला पांडवलेण्यांतच कोरलेला आहे. राजघराण्यातला पुरुष आपले दान कारागिरांच्या हवाली निर्धास्तपणे करीत होता, एवढी त्यांच्या शब्दाला पत होती.

हाच रस्ता नाशिक शहर ओलांडून पुढे निफाड तालुक्यात शिरतो, तेव्हा ओझर येते आणि ओझरला विमानांचा कारखाना येतो. चीनच्या आक्रमणाने देश हादरलेला असताना नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि पुढल्याच वर्षी नाशिक मतदारसंघातून ते बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिग-२१ या रशियन लढाऊ विमानाच्या निर्मितीचा करार त्याच सुमारास झाला होता. त्या विमानाचे इंजिन ओरिसात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि सांगाडा ओझरला, अशी कामाची विभागणी ठरली. ओझरचा कारखाना १९६४ साली स्थापन झाला. आराखडे रशियातून आले, यंत्रे आली, तज्ज्ञही आले. परंतु परक्याचा आराखडा नुसता गिरवणे वेगळे आणि त्यातील प्रत्येक रेघेमागचे कारण जाणून तो उभा करणे वेगळे. ते कारण जाणणारी माणसे या देशात आधीच तयार झाली नसती, तर ओझर हे केवळ जुळणीचे गोदाम राहिले असते. ती माणसे तयार करण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बंगळूरास सुरू झाले, आणि त्या कामाच्या मुळाशी कोल्हापूरकडचा एक मराठी माणूस होता, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांच्या स्मरणात आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू या खेड्यात झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे गेले आणि तेथे लुडविग प्राण्ट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. प्राण्ट्ल हे नाव उच्चारले की वायुगतिशास्त्राच्या अभ्यासकाला १९०४ सालचा त्यांचा सीमास्तराचा सिद्धान्त आठवतो, आणि ते योग्यच आहे. तथापि या थोर पुरुषाची सुरुवात वाऱ्यापासून झाली नव्हती, ती तुळईपासून झाली होती. म्युनिकला ऑगस्ट फ्योप्ल यांच्या हाताखाली त्यांनी जो पहिला प्रबंध लिहिला, त्याचा विषय भाराखाली तुळई बाजूला कशी कलंडते हा होता, आणि पीळ दिलेल्या दांड्यातील ताण ताणलेल्या पातळ पडद्याच्या आकारावरून ओळखण्याची त्यांची युक्ती आजही सांगाड्याचे शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. पुढे न्युरेंबर्गच्या एका यंत्रकारखान्यात लाकडाचा भुसा ओढून नेणाऱ्या नळीत हवा का अडखळते याचा शोध घेता घेता ते प्रवाहाच्या शास्त्राकडे वळले. भार आणि वारा ही दोन्ही शास्त्रे ज्या गुरूच्या ठायी एकवटली होती, त्याच्या घरी घाटगे यांनी विद्या घेतली. त्यांच्या पुढील सगळ्या कामाला हा पाया पुरला.

विमानाचा सांगाडा ही मुळात पूल बांधणाऱ्याची विद्या आहे, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीजवळ मिसुरी नदीवरचा पूल १८६९ साली पुरा करणारा ऑक्टेव शान्यूत हा पूल-अभियंता, उतारवयात उड्डाणाच्या नादी लागला, आणि १८९६ साली त्याने आपल्या दोन पंखी ग्लायडरच्या वरच्या व खालच्या पंखांना पुलाच्या कैचीप्रमाणे उभ्या दांड्यांनी आणि तिरप्या तारांनी जखडले. राइट बंधूंनी पुढे त्याच रचनेचा आधार घेतला. परंतु पूल आणि विमान यांच्यात एक मोठा भेद आहे. पूल बांधणारा शंका आली तर चार मण लोखंड जास्त घालतो आणि निश्चिंत होतो. विमानाच्या आरेखकाला ती मुभा नाही, कारण त्याने घातलेला प्रत्येक जादा शेर उड्डाणातून वजा होतो. म्हणून उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार सांगाड्याने सोसावा, एवढीच सावधगिरीची मात्रा या धंद्यात धरली जाते. एवढ्या अल्प मात्रेवर निभावून न्यायचे तर हिशेब अचूक हवा, धातू निर्दोष हवा आणि रिव्हेट मारणाऱ्याचा हात प्रामाणिक हवा. जुन्या विमानांत लाकडी चौकटीवर कापड ताणलेले असे आणि सगळा भार चौकट उचले. धातूच्या विमानात बाहेरचा पत्राच भार उचलू लागला, आणि आतल्या कड्या व पट्ट्या त्या पत्र्याला चुरमडू न देण्यापुरत्या उरल्या. वेळू आतून पोकळ असूनही गाठीगाठींवर टिकाव धरतो, त्यातलाच हा प्रकार. असा सांगाडा तयार झाला की त्याचा एक संपूर्ण नमुना परीक्षेसाठी बळी द्यावा लागतो: पंखांवर ठरल्या तपशिलाबरहुकूम भार चढवीत नेतात, दर टप्प्याला वाक मोजतात, आणि शेवटी तो मोडेपर्यंत चढवतात. मोडला कोठे आणि कितव्या भाराला मोडला, हे कागदावरच्या आकड्याशी जुळले तरच आरेखकाला आपल्या गणितावर भरवसा ठेवण्याचा अधिकार येतो. उगाच बडेजाव न करणारी, पण विलक्षण कठोर अशी ही परीक्षा आहे, आणि मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

बंगळूरचा कारखाना उभा राहिला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या धाडसाने. वालचंद नाशिक जिल्ह्याला परके नव्हते. मालेगावजवळच्या रावळगावचा साखर कारखाना त्यांचाच. रेल्वेचे बोगदे आणि जलवाहिन्या बांधून ज्याने नाव कमावले, त्या कंत्राटदाराने जहाजे, मोटारी आणि विमाने हिंदुस्थानातच झाली पाहिजेत असा ध्यास घेतला. विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाचे साहाय्य त्यांनी मिळवले. म्हैसूर दरबाराने जमीन दिली आणि भांडवलात भाग घेतला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्यावर १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि पुढल्या वर्षी कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात जाऊन पूर्वेकडील आघाडीवरच्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे ठाणे बनला. निर्मितीचे स्वप्न तेवढ्यापुरते मागे पडले, हे खरे. पण गोळ्यांनी चाळण झालेले आणि धावपट्टीवर आपटलेले विमान उकलून पुन्हा उडण्यालायक करणे यासारखे सांगाड्याचे शिक्षण दुसरे नाही. कोणता भाग कोठे तुटतो आणि कोणता शेवटपर्यंत तग धरतो, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

घाटगे या कारखान्यात अगदी आरंभीच्या काळातच दाखल झाले होते. युद्ध चालू असतानाच त्यांनी दहा माणसे वाहून नेणाऱ्या ग्लायडरचे आरेखन केले. आणि डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग निघाला, तेव्हा त्याच्या उभारणीत आणि अध्यापनात त्यांनी पुढाकार घेतला. एकीकडे दुरुस्तीची निकड, दुसरीकडे फळ्यावरचे गणित. युद्धाच्या गडबडीत ही शाळा उघडण्याची दूरदृष्टी ज्यांना सुचली, त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

ज्यांच्या जिवाची जोखीम या हिशेबावर अवलंबून होती, ते वैमानिकही याच काळात तयार होत होते. मुंबईत १९२० साली जन्मलेले हृषीकेश मुळगावकर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढाऊ विमाने चालवत होते. पुढे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले आणि १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते. आरेखक आणि वैमानिक एकाच देहात नांदल्याचे उदाहरणही याच इतिहासात सापडते. जर्मनीचे कुर्ट टँक युद्धाच्या धुमश्चक्रीत आपण आखलेली लढाऊ विमाने स्वतः चालवून पाहत. १९४४ च्या अखेरीस असे एक विमान स्वतः घेऊन जात असता शत्रूच्या विमानांनी त्यांना गाठले, तेव्हा त्याच विमानाच्या वेगाने त्यांचे प्राण वाचले. हेच टँक १९५६ साली बंगळूरास आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली 'मरुत' हे भारतात आखलेले पहिले जेट लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. ते उडवणारे होते सुरंजन दास. पुढे जानेवारी १९७० मध्ये मरुतच्याच सुधारित नमुन्याची चाचणी घेताना त्यांना मृत्यू आला. घाटगे हे लढाऊ वैमानिक नव्हते. माझ्या मते त्यामुळेच त्यांची जबाबदारी अधिक अवघड होती. टँक आपल्या चुकीची किंमत स्वतः मोजू शकत होते, घाटग्यांना ती दुसऱ्याच्या जिवाने मोजली जाईल या जाणिवेत दर दिवशी काम करावे लागत होते.

त्यांच्या कर्तृत्वाचा पहिला मोठा पुरावा ५ ऑगस्ट १९५१ रोजी आकाशात गेला. एचटी-२ हे दोन आसनी, धातूचे, खालच्या पंखाचे शिक्षण-विमान जमशेद मुन्शी यांनी उडवले. नव्या वैमानिकाला पहिले धडे देणारे विमान आखणे हे वरकरणी किरकोळ वाटते. वस्तुतः ते अतिशय कठीण आहे, कारण नवशिक्याचा हात दांडगा असतो, उतरताना तो विमान आपटतो, आणि सांगाड्याने त्या सगळ्या धसमुसळेपणाला तोंड दिले पाहिजे. हवाई दलात टायगर मॉथ या जुन्या विलायती विमानाची जागा एचटी-२ ने घेतली. घाना या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी राष्ट्राने १९५९ साली भारताच्या साहाय्याने आपले हवाई दल उभारले, तेव्हा तेथील पहिल्या वैमानिकांनीही याच विमानावर धडे घेतले. पाठोपाठ उड्डाण मंडळांसाठी 'पुष्पक' आणि सैन्याच्या टेहळणीसाठी 'कृषक' ही विमाने आली.

१९६४ हे वर्ष या कथेत फार महत्त्वाचे आहे. घाटग्यांच्या नेतृत्वाखालील आरेखन विभागाने तयार केलेले 'किरण' हे जेट शिक्षण-विमान ४ सप्टेंबर रोजी प्रथम उडाले; आणि १ ऑक्टोबरला बंगळूरची जुनी कंपनी व मिगसाठी काढलेली नवी सरकारी कंपनी एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ही संस्था अस्तित्वात आली, तिचाच एक विभाग म्हणजे ओझर. तेथे साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिग-२१, नंतर मिग-२७ आणि या शतकात सुखोई-३० अशी विमाने बांधली गेली. मिगच्या आराखड्याच्या कागदावर घाटग्यांचे नाव नाही, असणारही नाही. पण पत्र्याचा ताण मोजणारा भारतीय अभियंता, जिगवर भाग बसवणारा फिटर, मापात केसाएवढा फरक दिसला तरी तो भाग निःसंकोच बाद ठरवणारा तपासनीस, ही साखळी बंगळूरच्या युद्धकालीन शाळेतून निघून ओझरपर्यंत आली आहे. अंबडच्या वसाहतीत मापाच्या काटेकोरपणाला जी प्रतिष्ठा आहे, तिच्यातला काही वाटा मी याच साखळीच्या खाती मांडतो. नाशिकच्या तंत्रशाळांत विश्वेश्वरय्यांची तसबीर असते, ती असावीच. तिच्या शेजारी घाटग्यांची तसबीर लावायला आणि मोडून पाहिलेल्या पंखाची हकीकत मुलांना सांगायला मात्र आपण अजून विसरतो आहोत.

भारत सरकारने १९६५ साली त्यांना पद्मश्री दिली. बंगळूरला त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि वैमानिकी क्षेत्रातील कामासाठी त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते निवर्तले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९६ साली, हवाई दलाचे 'सूर्यकिरण' हे कसरती पथक स्थापन झाले, आणि त्याने आपल्या कवायतीसाठी निवडलेले विमान होते 'किरण'चीच सुधारित आवृत्ती; पुढील पंधरा वर्षे त्या पथकाचे वैमानिक पंखाला पंख भिडवून याच सांगाड्याच्या भरवशावर उडत राहिले.