‘व्हॉट ड्रीम्स मे कम’ : रंगवलेला स्वर्ग आणि सैल सुटलेली कथा

‘व्हॉट ड्रीम्स मे कम’ हा व्हिन्सेंट वॉर्ड दिग्दर्शित अमेरिकी कल्पनारम्य चित्रपट २ ऑक्टोबर १९९८ रोजी प्रदर्शित झाला. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९७८ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला असून शीर्षक शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील स्वगतातून आले आहे. निर्मितीवर साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. अमेरिकेतील तिकीटविक्रीतून सुमारे साडेपाच कोटीच परत आले. दृश्य-परिणामांचे ऑस्कर मात्र ‘आर्मगेडन’सारख्या प्रतिस्पर्ध्याला मागे सारून याच चित्रपटाने मिळवले. प्रेक्षकांच्या मनातही त्याची अशीच दुहेरी नोंद आहे : दृश्ये विसरता येत नाहीत आणि शेवट पटत नाही.

ख्रिस नील्सन (रॉबिन विल्यम्स) हा बालरोगतज्ज्ञ. त्याची पत्नी ॲनी (ॲनाबेला शिओरा) चित्रकार. दोन्ही मुले मोटार-अपघातात जातात. चार वर्षांनी, एका बोगद्यातील अपघातात जखमींना मदत करताना ख्रिसही मरण पावतो आणि जागा होतो तो थेट पत्नीने रंगवलेल्या चित्रात. इकडे एकाकी ॲनी आत्महत्या करून नरकात पोहोचते. तिला परत आणण्यासाठी ख्रिस स्वर्ग सोडून निघतो.

वॉर्ड हे न्यूझीलंडचे. त्यांचे शिक्षण क्राइस्टचर्चच्या कलाशाळेत झाले, आणि ते पडद्यावर दिसते. ख्रिस फुलांच्या माळावर पाऊल टाकतो तेव्हा पायाखाली ओला रंग चिरडला जातो. खुडलेले फूल रंग होऊन बोटांतून ओघळते. यासाठी मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात प्रत्यक्ष चित्रीकरण करण्यात आले, तेही बव्हंशी फुजीच्या ‘वेल्व्हिया’ फिल्मवर. ही फिल्म मुळात निसर्गछायाचित्रकारांच्या आवडीची, रंग गडद करून दाखवणारी. त्यानंतरचे काम संगणकाचे. लागोपाठच्या दोन चौकटींत प्रत्येक बिंदू कुठून कुठे सरकला याचा हिशेब करायचा आणि कुंचल्याचा प्रत्येक फटकारा त्या सरकत्या बिंदूला बांधायचा. म्हणून कॅमेरा फिरला की चित्रही खोलीसह फिरते. मागे टांगलेल्या रंगीत पडद्यासारखे निश्चल राहत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द मेट्रिक्स’मधील गोठलेल्या क्षणांच्या दृश्यांतही याच जातीचे गणित वापरले गेले.

नरकाचे काही भाग तर अस्सल लोखंडाचे आहेत. कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड येथे उभी असलेली निवृत्त विमानवाहू युद्धनौका ‘ओरिस्कनी’ त्यासाठी वापरली गेली. (तिला २००६ साली फ्लोरिडातील पेन्साकोलाजवळ समुद्रात बुडवून कृत्रिम प्रवाळखडक करण्यात आले.) जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या चेहऱ्यांचे मैदान आणि उलटे टांगलेले भग्न देवालय ही दृश्ये पाहताना संवाद ऐकायचे राहून जातात. फारसे बिघडत नाही.

बिघाड आहे तो कथेत. शेवट जाणून घ्यायचा नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद वगळावा. ख्रिसला भेटणारी माणसे एकामागून एक मुखवटे उतरवतात : वाटाड्या हाच मुलगा निघतो, स्वर्गातली अनोळखी तरुणी मुलगी निघते, नरकातला मार्गदर्शक हा जुना गुरू. पहिल्या उलगड्याने गळा दाटतो, तिसऱ्या वेळी हिशेब दिसू लागतो. पुढे ख्रिस ॲनीसोबत नरकातच राहायचे ठरवतो आणि तेवढ्याने दोघेही स्वर्गात परततात. किंमत देण्याची तयारी दाखवताच किंमत माफ. मग दोघे स्वेच्छेने पुन्हा जन्म घेतात आणि तळ्याकाठी लहान मुले म्हणून भेटतात.

महाभारताच्या आदिपर्वातील रुरू-प्रमद्वरेची कथा परिचित असलेल्यांना इथे नेमके काय हरवले ते लगेच कळेल. सर्पदंशाने गेलेली प्रमद्वरा परत मिळते, पण रुरूला आपले अर्धे आयुष्य खरोखरच द्यावे लागते. आश्चर्य असे की असाच कठोर शेवट या चित्रपटासाठीही चित्रित झाला होता. त्यात पुनर्जन्म ही हौस नसून नियम आहे. ॲनीला आत्महत्येचे ऋण फेडायचे असते; ती पुढील जन्मी तरुणपणीच मरणार आणि ख्रिस उरलेले आयुष्य विधुर म्हणून काढणार. श्रीलंकेत एक मुलगी जन्मते, फिलाडेल्फियात एक मुलगा. हा शेवट कादंबरीच्या जवळचा होता. प्रदर्शित आवृत्तीत त्याच्या जागी गोड शेवट आला, आणि कर्मविपाकाचा सगळा भार सोडून केवळ पुनर्भेटीची सोय उरली.

११ ऑगस्ट २०१४ रोजी रॉबिन विल्यम्स यांनी स्वतःचे जीवन संपवले. तेव्हापासून हा चित्रपट तटस्थपणे पाहणे अवघड झाले आहे. इथला नरक कोणा न्यायाधीशाने दिलेली शिक्षा नसून निराशेत अडकलेल्या मनाचेच रूप आहे, असे वाटाड्या सांगतो. डोळ्यांना मात्र नरकच दिसतो. घरात असा मृत्यू झालेल्यांना हा भाग जड जाईल. (अमेरिकेत मानसिक संकटात तातडीच्या मदतीसाठी ९८८ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.)

वगळलेला शेवट डीव्हीडीच्या विशेष आवृत्तीत आणि २०११ च्या ब्लू-रेवर पाहता येतो. मूळ चित्रपट संपल्यावर तोही जरूर पाहावा.