ही सायकल नव्हे!

वाघोलीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेल्या वर्षी अभियांत्रिकीची तीन मुले एक विचित्र वाहन जोडत होती. मागचे चाक मोठ्यांच्या जुन्या सायकलचे, पुढचे लहान मुलांच्या सायकलचे, मध्ये चौकोनी नळी आणि तिच्यावर आरामखुर्चीसारखी बैठक. पायडल मात्र पुढच्या चाकाच्याही पुढे! दुकानात येणारा प्रत्येक जण विचारी, "ही कसली सायकल?" पुढे एका स्पर्धेच्या आयोजकांनी "ही सायकल नव्हे" असे सांगून प्रवेश नाकारला, तेव्हा मुले हिरमुसली होऊन माझ्याकडे आली. मी त्यांना शार्ल मोशे यांची हकिगत सांगितली.

मोशे हे पॅरिसलगतच्या प्युतो येथे छोट्या मोटारी बनवीत. त्यांच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. आईला ती धोक्याची वाटे. म्हणून मोशे यांनी त्याला पायाने चालवायची चारचाकी करून दिली. ती इतकी पळे की जॉर्ज सायकलवरच्या मित्रांना सहज मागे टाकी. मग मोठ्यांसाठी दोन आसनांची 'व्हेलोकार' तयार झाली. पण वेगात वळताना ती कलंडण्याची भीती असे, कारण दुचाकीसारखे आत झुकणे तिला शक्य नव्हते. मोशे यांनी बैठक तशीच ठेवली आणि चाके दोनच केली.

रेलून बसण्याचा फायदा कोणता? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी २० वरून २५ किलोमीटरवर जायचे, म्हणजे वेग सव्वापट करायचा, तर १.२५ चा घन होतो सुमारे १.९५. हवा कापण्यापुरती शक्ती जवळजवळ दुप्पट लागली! पायांतले बळ तर तेवढेच. तेव्हा हवेला अडणारे क्षेत्रफळ कमी करणे भाग आहे. हे शाळेतही दाखवता येते. सकाळचे ऊन तिरपे असताना भिंतीकडे तोंड करून एका विद्यार्थ्याला नेहमीच्या सायकलवर आणि मग पाय पुढे पसरून रेलून बसवावे. भिंतीवरच्या दोन्ही सावल्या खडूने आखून चौकटी मोजाव्यात.

फ्रान्सिस फोर हा दुय्यम दर्जाचा गणला जाणारा शर्यतपटू मोशे यांची सायकल चालवायला तयार झाला. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एग याचा १९१४ पासूनचा विक्रम ४४.२४७ किलोमीटरचा होता. त्याच ऑगस्टमध्ये मॉरीस रिशार याने नेहमीच्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटर कापले. आता विक्रमवीर कोण? आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ साली सायकलची व्याख्याच ठरवली. पायडलचा आस जमिनीपासून किती उंच असावा, बसण्याची जागा त्याच्या फार तर किती मागे असावी, याची मापे दिली. रेलून चालवायची सायकल त्यांत बसेना आणि विक्रम रिशारचा ठरला. मोशे त्याच वर्षी वारले. जॉर्जने काम चालू ठेवले. १९३९ मध्ये फोरने बाहेरून कवच लावलेल्या अशाच सायकलवर तासाला ५० किलोमीटरची मर्यादाही ओलांडली.

संघटनेचे सगळेच चुकले असे मला वाटत नाही. माणसांची शर्यत लावायची तर साधने सारखी हवीत. पण शर्यतीत जे धावते तेच कारखानदार बनवतात आणि तेच दुकानात मिळते. शर्यतीचा नियम असा नकळत रस्त्यावरचाही नियम होऊन बसला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत चेस्टर काइल यांच्यासारख्या अभियंत्यांनी कोणत्याही आकाराच्या वाहनांना खुल्या स्पर्धा भरवल्या, तेव्हा कुठे हौशी मंडळी पुन्हा या बांधणीकडे वळली.

या सायकलला दोषही आहेत. चढावर उभे राहून शरीराचा भार पायडलवर टाकता येत नाही. दिवे घाटात तिची परीक्षाच होईल. सुरुवातीला तोल सांभाळणेही जड जाते. वाघोलीच्या मुलांना तर आधी साखळीने छळले. लांबी पुरेना म्हणून अडीच साखळ्या जोडल्या आणि ती लोंबू नये म्हणून कप्पी बसवली. कप्पी ओढीच्या बाजूला होती, त्यामुळे जोर लावला की साखळी उडे. ओढीची बाजू शक्य तेवढी सरळ करून कप्पी परतीच्या बाजूला नेल्यावर पायडल हलके झाले.

बैठक बुटकी असल्यामुळे नगर रस्त्यावर ट्रकचालकांना ती दिसत नाही. मुलांनी आता मागे बांबूची काठी उभी करून तिला केशरी फडके बांधले आहे.