थाट : सतारीचा आणि गिटारचा

ताडकळसच्या बाजारात कुणी दुकान थाटतं, लग्न झालेला मुलगा परभणीला बिऱ्हाड थाटतो. 'थाट' म्हटलं की लग्नाचा थाटमाट आधी आठवतो. 'थाटणे' या क्रियापदात मात्र मांडणीचा साधा अर्थ अजून शाबूत आहे. संगीतातला थाटही मांडणीचाच. सतारीचे पडदे सरकवता येतात. रागाला लागतील त्या स्वरांवर ते बसवून घ्यायचे, ती मांडणी म्हणजे थाट. ज्या सतारीवर पडदे हलवावे लागत नाहीत, ती अचल थाटाची. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) तरुणपणी सतार शिकले होते. त्यांनी रागांची दहा थाटांत वर्गवारी केली आणि हा वादकांचा शब्द शास्त्रात रुजला.

'पडदा' फारसीतून आला. त्या भाषेत तो दाराचा पडदा आहे, वाद्याचाही आहे, आणि जुन्या संगीतात स्वरांच्या एका रचनेलाही हेच नाव होतं. बोट ठेवायची जागा आणि स्वररचना, दोन्हींना एकच शब्द!

गिटार ही अचल थाटाचीच. तिथे पडदे हलत नाहीत, बोटं हलतात. म्हणून गिटार शिकणाऱ्या मुलाने स्वररचनांची आयोनियन, डोरियन ही ग्रीक नावं घोकत बसू नये, आधी थाट धरावा, असं मला मनापासून वाटतं. एकच तार घ्या. मोकळी तार सा. दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी, बाराव्यावर तार सा. हा बिलावल. ग आणि नी एकेक पडदा मागे घ्या, तिसऱ्यावर आणि दहाव्यावर. काफी झाला, तोच डोरियन. बिलावलचा म तेवढा सहाव्यावर नेला की कल्याण, म्हणजे लिडियन. भजनात पेटी ऐकून कान तयार झालेल्या पोराला हा फरक सांगावा लागत नाही, ऐकूच येतो.

थाट ही एक किल्ली, दुसरी 'मूर्च्छना'. मूर्च्छा येणे आपण रोज म्हणतो, पण त्या संस्कृत धातूला भान हरपण्यासोबत वाढण्याचा, पसरण्याचाही अर्थ आहे. सात स्वरांचा क्रमाने आरोह-अवरोह ती मूर्च्छना. तेराव्या शतकात, आपल्याच मराठवाड्यातल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये ती सविस्तर मांडली. बिलावलचे पडदे तेच ठेवून रे ला सा माना, काफी मिळतो. ग पासून भैरवी, म पासून कल्याण, प पासून खमाज, ध पासून आसावरी. पाठांतर एका थाटाचं, हाती सहा. नी पासून निघालं तर शुद्ध पंचमच सापडत नाही. गिटारच्या पुस्तकांत त्याला लोक्रियन म्हणतात, भातखंड्यांच्या दहांत त्याला जागा नाही. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मात्र या वाटेने येत नाहीत, ते वेगळेच थाटावे लागतात.