लॅपटॉपचा ताप : कारणे, निदान आणि उपाय

जर्सी सिटीत हडसनकाठच्या उंच इमारतींत काय किंवा जर्नल स्क्वेअरच्या परिसरातील जुन्या घरांत काय, अनेक मराठी कुटुंबांची उपजीविका आज दीड-दोन किलो वजनाच्या एका यंत्रावर चालते. २०२० च्या मार्चपासून स्वयंपाकघराशेजारचे टेबल हेच अनेकांचे कार्यालय झाले आणि लॅपटॉप दिवसाचे दहा-दहा तास चालू राहू लागला. तो मध्येच मंदावणे, त्याचा पंखा घोंघावणे, ऐन बैठकीत तो बंद पडणे, या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एकच कारण असते : उष्णता. वेळीच लक्ष दिले तर तिचा बंदोबस्त सोपा असतो. दुर्लक्ष केले तर बॅटरी, माहिती आणि क्वचित घराची सुरक्षितता यांवरही संकट येऊ शकते.

उष्णता येते कोठून, जाते कोठे

लॅपटॉप जितकी वीज घेतो, ती जवळजवळ सगळीच अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. पातळ लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारणपणे १५ ते २८ वॉटच्या हिशेबाने बनवलेले असतात. खेळांसाठी किंवा चित्रफीत-संपादनासाठी घेतलेल्या यंत्रांत हा आकडा ४५ वॉट आणि त्याहून अधिक असतो. ही उष्णता नखाएवढ्या चकतीत निर्माण होते, म्हणून ती तत्काळ बाहेर नेणे भाग असते.

त्यासाठी प्रोसेसरवर उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर असतो. त्यावर टेकलेल्या तांब्याच्या पोकळ नळीत अत्यल्प द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. थंड टोकाला धातूच्या बारीक पात्यांची जाळी असते व पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम-१ चिपच्या मॅकबुक एअरसारख्या काही यंत्रांत पंखाच नसतो. तेथे धातूचे कवचच उष्णता बाहेर सोडते, त्यामुळे ते हाताला गरम लागणे स्वाभाविक असते.

या साखळीतील एक कडी ढिली पडली तरी तापमान चढते. प्रोसेसर सहसा १०० अंश सेल्सियसच्या आसपासची मर्यादा ओलांडत नाही. ती जवळ आली की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद करतो. म्हणजे ‘लॅपटॉप जुना झाला, हळू चालतो’ असे वाटत असताना तो प्रत्यक्षात स्वतःचा बचाव करत असण्याची शक्यता असते. नवा लॅपटॉप विकत घेण्यापूर्वी ही शक्यता तपासून पाहणे शहाणपणाचे.

निदान : आधी एक प्रश्न

उपायांच्या यादीकडे धाव घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे. उष्णता जास्त निर्माण होते आहे, की निर्माण झालेली बाहेर पडत नाही?

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर आणि मॅकमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून प्रोसेसरचा वापर किती टक्के आहे ते पाहावे. कोणतेही जड काम चालू नसताना वापर सतत ५०-६० टक्क्यांवर असेल, तर दोष सॉफ्टवेअरकडे आहे. वापर पाच-दहा टक्के असूनही पंखा जोरात फिरत असेल व तळ तापलेला असेल, तर हवेचा मार्ग अडला आहे किंवा पेस्ट सुकली आहे. पंखा फिरल्याचा आवाजच येत नसेल किंवा तो खरखरत असेल, तर पंखाच बदलण्याची वेळ आली आहे.

मॅक वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘कर्नल टास्क’ नावाची प्रक्रिया यादीत सर्वांत वर दिसली की तिलाच दोषी धरले जाते. वस्तुतः तिचे एक काम तापमान आटोक्यात ठेवण्याचे आहे. तापलेला प्रोसेसर इतर कामांना कमी मिळावा म्हणून ती त्याचा वेळ अडवून धरते. ती कारण नसून परिणाम असते.

घर, स्वयंपाक आणि ऋतू

लॅपटॉपच्या आतले तापमान खोलीच्या तापमानावर उभे असते. तेच काम करताना खोली पाच अंशांनी तापली, तर आतील भागही साधारण तितकेच अधिक तापतात. ॲपलने आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस असावे असे सांगितले आहे, आणि इतर बहुतेक कंपन्यांची मर्यादाही याच्या जवळपासच असते. जर्सी सिटीच्या शेजारी न्यूअर्क येथे २२ जुलै २०११ रोजी पारा १०८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ४२ अंश सेल्सियसवर गेला होता. अशा दिवशी वातानुकूलन नसलेल्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लॅपटॉप ठेवणे त्याला बाधते.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी. जुन्या इमारतींतील वाफेचे रेडिएटर अतिशय तापतात आणि खिडकीखालची जागा म्हणून टेबल नेमके तेथेच मांडले जाते. त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे. थंडीत रजई पांघरून, गादीवर लॅपटॉप घेऊन काम करण्याची सवय तर सर्वांत घातक. बहुतेक यंत्रे तळाच्या फटींतून हवा आत घेतात आणि गादी, उशी, गालिचा त्या फटी पूर्ण बुजवतात. गोठवणाऱ्या थंडीत बाहेर राहिलेला लॅपटॉप उबदार घरात आणताच सुरू करू नये, कारण त्याच्या आत दव धरते. तासभर पिशवीतच राहू द्यावा.

मराठी घरांत आणखी एका कारणाची भर पडते, ती फोडणीची. लहान सदनिकेत स्वयंपाकघर व काम करण्याची जागा एकाच दालनात असते. तेलाचा सूक्ष्म अंश हवेत पसरतो आणि त्यामुळे धूळ चिकट होऊन पंख्याच्या पात्यांवर व जाळीवर थापली जाते. गालिच्याचे तंतू, उदबत्तीचा धूर यांचीही त्यात भर पडते. अशी चिकट धूळ नुसत्या फुंकरीने निघत नाही. ओट्यापासून दूर बसणे, फोडणीच्या वेळी चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवणे आणि वर्षातून एकदा सफाई करून घेणे हाच त्यावरचा मार्ग.

लॅपटॉप ठेवण्यासाठी महागडे स्टँड हवेच असे नाही. कडक, सपाट पृष्ठभाग आणि मागची बाजू इंचभर उंच, एवढे पुरते. घरातला लाकडी पाट मांडीवर किंवा गादीवर घेतला तरी काम भागते. पंखे बसवलेले कूलिंग पॅड तळाशी फटी असलेल्या यंत्रांना उपयोगी पडते. बंद तळाच्या यंत्रांना त्याचा लाभ मर्यादित असतो.

न उघडता करायचे उपाय

ब्राउझरमधील अनावश्यक टॅब व विस्तार बंद करावेत. व्हिडिओ-बैठकीत पार्श्वभूमी धूसर करण्याची किंवा बदलण्याची सोय प्रोसेसरला सतत राबवते, म्हणून यंत्र तापत असल्यास ती बंद ठेवावी. चार्जिंग चालू असताना बॅटरी स्वतः उष्णता निर्माण करते. त्यामुळे शक्य असल्यास लांबलचक बैठकीपूर्वीच ती भरून घ्यावी. विंडोज अद्ययावत होत असताना किंवा विषाणुरोधक तपासणी करत असताना काही काळ तापणे नैसर्गिक आहे. ते तासन् तास टिकले तरच काळजी करावी.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करण्याची सोय काही यंत्रांत मिळते. एक टक्क्याने काय होणार असे वाटेल, परंतु त्यामुळे बहुतेक यंत्रांत प्रोसेसरचा क्षणिक अतिवेग बंद होतो. वेगासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साहजिकच थोडा वेग सोडला की उष्णता बरीच उतरते.

पाथ गाडीने मॅनहॅटनला ये-जा करणाऱ्यांनी विशेष जपावे. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर यंत्र पूर्ण झोपत नाही. ते नेटवर्कशी संपर्क ठेवून अधूनमधून जागे होते. बंद पाठपिशवीत असे झाले की उष्णतेला वाट उरत नाही आणि कार्यालयात पोहोचेतो यंत्र तापलेले व बॅटरी रिकामी सापडते. पिशवीत ठेवण्यापूर्वी यंत्र पूर्ण बंद करावे किंवा हायबरनेट करावे.

उघडून करायची सफाई

यंत्र बंद करून चार्जर काढावा. दाबलेल्या हवेचा डबा उभा धरून थोड्या थोड्या झोतांनी फटी साफ कराव्यात. पाठ उघडली असेल तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, कारण झोताने तो बेफाम फिरला तर बिघडू शकतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने स्थिर विद्युत निर्माण होते. तीन-चार वर्षांच्या यंत्रात सफाईनंतरही तापमान उतरत नसेल, तर पेस्ट बदलणे उचित. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी व नवी अगदी पातळ लावावी. काही यंत्रांत पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलेला असतो. तो वीजवाहक असतो व ॲल्युमिनियम खातो, म्हणून त्याला घरी हात लावू नये.

यंत्र उघडल्याने वॉरंटी आपोआप संपते हा समज अमेरिकेत खरा नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, ग्राहकाने स्वतः किंवा बाहेरून दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट नाकारता येत नाही. फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना यासंबंधी ताकीदपत्रेही धाडली होती. अर्थात उघडताना झालेली मोडतोड वॉरंटीत येत नाही.

कार्यालयाच्या मालकीच्या लॅपटॉपची बात निराळी. तो उघडू नये आणि त्यावर तापमान मोजणारे सॉफ्टवेअरही परस्पर बसवू नये. तापण्याची वेळ, त्या वेळी चालू असलेली कामे आणि प्रोसेसरच्या वापराचे चित्र जोडून साहाय्य विभागाकडे लेखी तक्रार नोंदवावी. पुढे यंत्र बंद पडलेच तर ही नोंद कामी येते.

धोक्याची रेषा : फुगलेली बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सततचा पूर्ण भार, दोन्ही मानवत नाहीत. लॅपटॉप कायम चार्जरला जोडलेला राहत असेल, तर भार ८० टक्क्यांवर थांबवण्याची अनेक कंपन्यांनी दिलेली सोय वापरावी.

टचपॅड वर उचललेले किंवा दाबले न जाणारे, झाकण नीट न मिटणारे, सपाट टेबलावर डुगडुगणारे यंत्र ही बॅटरी फुगल्याची लक्षणे आहेत. तेथे घरगुती उपाय संपतात. चार्जिंग तत्काळ थांबवावे, यंत्र बंद करून ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावे, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि दुरुस्ती केंद्राला आगाऊ कळवून तेथे न्यावे. धूर किंवा उग्र वास आला तर घराबाहेर पडून ९११ ला फोन करावा. असे यंत्र कचऱ्यात टाकणे धोकादायक तर आहेच, शिवाय न्यू जर्सीत २०११ पासून संगणक सामान्य कचऱ्यात टाकण्यास कायद्यानेच बंदी आहे.

हा धोका काल्पनिक नाही. २००६ मध्ये डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. २०१९ च्या जूनमध्ये ॲपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात प्रामुख्याने विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रोंच्या बॅटऱ्या परत मागवल्या. त्यानंतर अमेरिकेच्या व भारताच्या विमान वाहतूक नियामकांनी अशा यंत्रांबाबत प्रवाशांना सावध केले. आपले यंत्र अशा यादीत आहे का, हे त्याच्या अनुक्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते.

मांडी, मायदेश आणि विमान

‘लॅपटॉप’ असे नाव असले तरी तो मांडीवर ठेवून तासन् तास काम करणे इष्ट नाही. भाजण्याइतकी नसलेली उष्णता दीर्घकाळ लागत राहिली की त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडतात. काश्मिरात अंगाशी कांगडी धरणाऱ्यांत हा विकार पूर्वापार ज्ञात आहे. लॅपटॉपमुळे तो झालेल्या एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मुले सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसतात, त्यांना पाट किंवा टेबल द्यावे.

उन्हाळी सुटीत महाराष्ट्रात जाऊन तेथून काम करणाऱ्यांनी हिशेब आधीच करावा. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही, म्हणजे यंत्राच्या ३५ अंशांच्या मर्यादेहून दहा अंश अधिक. तेथे वातानुकूलित खोलीत किंवा सकाळी-रात्री काम करावे. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात (चार्जरवरील मजकूर वाचून खात्री करावी). तसे असल्यास ट्रान्सफॉर्मर नको, पिनांचा ॲडॉप्टर पुरतो. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीचा लॅपटॉप विमानात नेता येतो, तो हातसामानातच ठेवावा. सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक सोडसामानात चालत नाहीत. फुगलेली बॅटरी मात्र कोठल्याच सामानात नेऊ नये. म्हणूनच तपासणी आणि सफाई तिकिटाच्या तारखेच्या किमान दोन आठवडे आधी उरकावी.

आणि या सर्वांच्या आधी एक काम. तापणाऱ्या यंत्रावरील कागदपत्रे, छायाचित्रे आणि कराचे तपशील दुसरीकडे उतरवून ठेवावेत. पंखा शंभरेक डॉलरच्या आत बदलून मिळू शकतो, पण एकच प्रत असलेली छायाचित्रे गेली तर ती परत मिळत नाहीत.