जिम कॉर्बेट : वाघाच्या जखमा वाचणारा शिकारी

नरभक्षक वाघ-बिबळ्यांचे कर्दनकाळ म्हणून ज्यांची कीर्ती झाली, त्यांचेच नाव भारतातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला देण्यात आले आहे. वरवर पाहता ही विसंगती वाटते. मात्र, एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट यांचे आयुष्य पाहिले, की शिकारी आणि संरक्षक यांना जोडणारा धागा सापडतो. मारलेल्या नरभक्षकाचे शरीर ते बारकाईने तपासत आणि हे जनावर माणसावर का उलटले, याचा शोध घेत.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. १८८१मध्ये त्यांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी येथे राहत असे. तेथील जंगलात माग काढणे, पशुपक्ष्यांचे आवाज ओळखणे हे शिक्षण कॉर्बेट यांना लहानपणीच मिळाले. पुढे ते रेल्वेच्या सेवेत गेले. बिहारमध्ये गंगाकाठी असलेल्या मोकामा घाट येथे ब्रॉडगेजवरील माल मीटरगेजवर चढविण्याचे कंत्राट त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळले. नरभक्षकांच्या मागावर ते जात, ते या कामातून सवड काढून.

१९०७मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळमध्ये सुमारे २०० आणि त्यानंतर कुमाऊंत २३६, असे ४३६ बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. ही कामगिरी स्वीकारताना कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेले इनाम रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. इनामासाठी शिकार करणारा, अशी ओळख त्यांना नको होती. वाघीण पडल्यावर दिसले, की तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. ही बंदुकीच्या गोळीची जुनी इजा होती. त्यामुळे नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला जमेनासे झाले होते. म्हणजेच, शेकडो कुटुंबे उद्ध्वस्त करणाऱ्या या वाघिणीला माणसाकडे वळविले होते ते कुणा माणसाच्याच अर्धवट नेमाने.

पुढील अनुभवांनी हे निदान पक्के होत गेले. मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराशी झालेल्या झुंजीत एका डोळ्याने अंध झाली होती, तिच्या अंगात काटे रुतले होते. १९३८मध्ये मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरही गोळ्यांच्या जुन्या जखमा आढळल्या. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे दहशत बसविणाऱ्या रुद्रप्रयागच्या बिबळ्याने १२५ माणसे मारली. बिबळ्यांच्या बाबतीत कॉर्बेट यांनी वेगळे कारण मांडले. साथीच्या रोगात दहन न होता दरीत टाकलेल्या प्रेतांमुळे त्यांना माणसाच्या मांसाची चटक लागते, असे त्यांचे मत होते. वाघ स्वभावतः क्रूर नसतो, परिस्थितीच त्याला नरभक्षक बनविते, हा विचार त्यांनी असा पुराव्यानिशी मांडला.

हे परिवर्तन एका रात्रीत झाले नाही. नरभक्षक नसलेला ‘पवलगढचा बॅचलर’ हा प्रचंड वाघ कॉर्बेट यांनी १९३०मध्ये मारला होता. व्हाइसरॉयच्या शिकारमोहिमांनाही त्यांनी साह्य केले. मात्र, याच काळात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याच्या व्याघ्रछायाचित्रांनी प्रभावित होऊन त्यांनी कॅमेरा हाती घेतला. वाघांचे चलच्चित्रण करण्यासाठी ते तासन् तास बसून राहत. १९३६मध्ये संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर माल्कम हेली यांच्या नावाने सुमारे ३२४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याची हद्द ठरविताना कॉर्बेट यांचा सल्ला घेण्यात आला होता.

लेखक म्हणून ते प्रकाशात आले ते वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४मध्ये मुंबईतून प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न त्यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या वसतिगृहाला दिले. १९५२मधील ‘माय इंडिया’मध्ये तर वाघापेक्षा मोकामा घाटचे हमाल आणि कुमाऊंचे शेतकरी अधिक भेटतात. कालाढुंगीजवळ त्यांनी वसविलेल्या छोटी हल्द्वानी गावाभोवती रानडुकरांपासून पिके वाचविण्यासाठी त्यांनी दगडी भिंत बांधली होती. जंगलाकाठच्या माणसाचे नुकसान दुर्लक्षून जंगल वाचत नाही, याचे भान त्या भिंतीत दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९४७मध्ये कॉर्बेट बहीण मॅगी यांच्यासह केनियात स्थायिक झाले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. याच उद्यानातील ढिकाला येथून १ एप्रिल १९७३ रोजी ‘प्रोजेक्ट टायगर’चा प्रारंभ झाला. २०२२च्या गणनेनुसार देशात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज असून, त्यांपैकी २६० कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात आहेत.

वाघ वाढले, तसा संघर्षही वाढला. कुमाऊंच्या पायथ्यापासून चंद्रपूरच्या शिवारापर्यंत माणूस आणि वाघ समोरासमोर येत आहेत. एखादा बळी गेला, की वाघाला ठार करण्याची मागणी होते आणि घरातला माणूस गमावलेल्यांचा तो आक्रोश समजण्याजोगाच असतो. कॉर्बेट यांनी अशा वेळी बंदूक उचलली, हे खरे. मात्र, वाघ मारल्यानंतर कारण शोधण्याचे कामही त्यांनी तितक्याच निष्ठेने केले. त्यांच्या कामाचा हा दुसरा भाग आज अधिक उपयोगी आहे.