विरारच्या पुढची वीज

सूर्या नदीकाठच्या मासवणहून नोकरीसाठी मुंबई गाठायची, तर आधी पालघर स्टेशनवर यावं लागतं. आज तिथे लोकल येते. पण १६ एप्रिल २०१३ पर्यंत मुंबईची लोकल विरारलाच संपायची. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसरच्या माणसांचा भरवसा शटलवर आणि थांबल्या तर लांब पल्ल्याच्या गाड्यांवर. शटल चुकली की हजेरी चुकली. रूळ तर तेच होते, तारही डोक्यावर होती. मग लोकल पुढे का जात नव्हती?

कारण तार सारखी दिसली तरी तिच्यातली वीज सारखी नव्हती. विरारपर्यंत १,५०० व्होल्ट डीसी आणि विरारच्या पुढे २५,००० व्होल्ट एसी!

मुंबईत विजेची गाडी पहिल्यांदा धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने. आपल्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या बीबी अँड सीआय रेल्वेवर, ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली वीज आली आणि १९३६ मध्ये ती विरारला पोचली. त्या काळी डीसी निवडणं हा शहाणपणाच होता. डीसी मोटर जागेवरून उठताना जबरदस्त जोर लावते, आणि एसीची डीसी करणारी यंत्रणा गाडीत बसवणं तेव्हा सोपं नव्हतं. त्यामुळे ते काम रुळाकडेच्या सबस्टेशनांत व्हायचं आणि तारेत थेट १,५०० व्होल्ट सोडले जायचे.

यातली अडचण समजायला दहावीचं विज्ञान पुरतं. जर्मनीतल्या कोलोनमध्ये शिकवणाऱ्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये पुस्तक छापून दाखवलं, की विद्युतदाबाला प्रवाहाने भागलं की तारेचा रोध मिळतो. पुढे १८४१ च्या सुमारास जेम्स जूल यांनी मोजलं, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. आणि शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. एवढीच तीन सूत्रं.

आता मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडा. समजा, एक गाडी सबस्टेशनमधून २० लाख वॅट खेचते आहे. १,५०० व्होल्टने भागा : प्रवाह सुमारे १,३३३ अँपिअर. गाडी सबस्टेशनपासून दूर आहे आणि मधल्या वाटेचा रोध अर्धा ओहम आहे, असं धरू. (हा आकडा हिशोबासाठी घेतलेला आहे.) १,३३३ गुणिले अर्धा म्हणजे ६६७ व्होल्ट वाटेतच खर्च! गाडीपर्यंत पोचतात जेमतेम ८३३. आणि प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केलं, तर जवळपास ८ लाख ८९ हजार वॅट नुसती तार तापवण्यात जातात.

तीच तार, तेवढीच शक्ती, पण दाब २५,००० व्होल्ट. प्रवाह फक्त ८० अँपिअर. वाटेत गळतात ४० व्होल्ट आणि ३,२०० वॅट. एसीमध्ये रोधाशिवाय आणखी काही अडथळे असतात, ते इथे सोडून दिलेत. पण घट पावणेतीनशे पटींच्या आसपास येते, आणि खरी गोष्ट या आकड्यात आहे. म्हणून डीसी मार्गावर तार जाडजूड लागते आणि थोड्या थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन उभारावं लागतं. चर्चगेट ते विरार या साठ किलोमीटरच्या गर्दीत तो खर्च निभतो. वैतरणेची खाडी ओलांडून डहाणू, सुरत, अहमदाबादकडे जाताना तो परवडत नाही.

फ्रेंच रेल्वेने २५,००० व्होल्टची पद्धत यशस्वी करून दाखवली होती. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेनेही तीच स्वीकारली आणि सत्तरच्या दशकात विरारच्या उत्तरेला तीच वीज आली. विरार आणि वैतरणेच्या मध्ये तारेचा एक मृत तुकडा ठेवला गेला. दोन्ही विजा एकमेकींना भिडू नयेत म्हणून. त्यावरून गाडी नुसत्या वेगाच्या जोरावर सरकायची. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं चित्तरंजनच्या कारखान्यात खास बनवली गेली. त्यांच्या 'डब्ल्यूसीएएम' या नावातला 'सी' डीसीचा, 'ए' एसीचा आणि 'एम' प्रवासी नि माल अशा मिश्र वाहतुकीचा. म्हणजे मेल-एक्स्प्रेससाठी वाट निघाली. जुनी लोकल मात्र एकाच विजेची होती. तिच्यासाठी तो मृत तुकडा म्हणजे जगाचा शेवट.

मुंबईतली वीज बदलायला मग चाळीसेक वर्षं गेली. धावतं शहर थांबवता येत नाही. त्यामुळे दोन्ही विजांवर चालणारे नवे रेक आणायचे आणि रात्रीच्या थोड्या तासांत एकेक टप्पा बदलायचा, असं चाललं. पश्चिम रेल्वेचा शेवटचा टप्पा फेब्रुवारी २०१२ मध्ये संपला. हार्बरवरची डीसी २०१६ पर्यंत टिकली. जिथे सुरू झाली होती, तिथेच संपली.

पश्चिम रेल्वेचा टप्पा संपल्यावर चौदा महिन्यांनी डहाणूपर्यंत लोकल आली, हा निव्वळ योगायोग नसावा. पण सगळा दोष व्होल्टच्या माथी मारणंही बरोबर नाही. दोन्ही विजांवर चालणारे रेक त्याआधीच आले होते. विरार ते डहाणू मात्र रूळ दोनच, आणि त्यावरून गुजरात, राजस्थान, दिल्लीच्या गाड्या नि मालगाड्या जाणार. लोकलला जागा मिळायची ती त्यांच्या फटीत. चौपदरीकरण मंजूर होऊन कामही सुरू झालं आहे. पण ते पुरं होईपर्यंत पालघरच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याला मागची एक्स्प्रेस पुढे जाईपर्यंत थांबावंच लागतं.