चित्रपटापूर्वीचे चित्र

आपल्या चित्रपटाच्या इतिहासात नट, दिग्दर्शक व कथा यांची नोंद झाली. खेळापूर्वी भिंतीवर जे चिकटविले जाई, त्याची चिकित्सा मात्र फारशी झाली नाही. वास्तविक प्रेक्षकाची व चित्रपटाची पहिली भेट तेथेच होत असे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, तेव्हा त्याची वार्ता वृत्तपत्रातील जाहिरातीने, म्हणजे शब्दांनी, पोचविली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकट झाला. त्याच्या एका जाहिरातीत छायाचित्रांची हजारांतील संख्या, फितीची मैलांतील लांबी आणि आण्यांतील दर यांचा मेळ घातला होता, असे सांगतात. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले व शिळाछापाच्या व्यवसायात मुरलेले दादासाहेब फाळके चित्राचे सामर्थ्य जाणून होते. तरीही येथे कुतूहल जागविण्याचा भार आकड्यांवर पडला.

तो भार चित्राकडे नेण्याचे श्रेय मुख्यतः कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांना द्यावे लागते. ते आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव मेस्त्री नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पडद्याला अखेरच्या रांगेपर्यंत स्थळ व प्रसंग एका दृष्टिक्षेपात पोचवावा लागतो. भित्तिपत्रकालाही रस्त्याने जाणाऱ्याशी तसेच बोलावे लागते. ‘सैरंध्री’ (१९२०) नंतर महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांसाठी त्यांनी स्वतः भित्तिपत्रके रंगविली.

येथे एक शंका संभवते. ‘कल्याण खजिना’ची (१९२४) कथा ज्या समाजात घरोघर ठाऊक होती, तेथे उत्सुकता कशाची? उत्तर असे की, पुढे काय घडणार ही ती उत्सुकता नव्हे; जे आजवर कानांनी ऐकले, ते डोळ्यांना कसे दिसेल, ही होती. म्हणून पत्रकाने कथा सांगण्याची गरज नव्हती. एक क्षण दाखवावा आणि उरलेले पडद्यावर सोपवावे, एवढेच त्याचे काम.

काळाने मात्र हा क्रम उलटा केला. त्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. ‘कल्याण खजिना’चे पत्रक मात्र भारतातील सर्वांत जुन्या उपलब्ध सचित्र भित्तिपत्रकांत गणले जाते. आठवडाभर टिकावे म्हणून छापलेला कागद उरला, आणि ज्याचे त्याने आश्वासन दिले ते गेले. आपापल्या गावच्या जुन्या छापखान्यांत व नाट्यगृहांच्या माळ्यांवर असे कागद अद्याप असतील, तर शिक्षकांनी व अभ्यासकांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी पाहावेत. इतिहासाची साधने केवळ ताम्रपटांतच नसतात.